कारभाऱ्याची तपासणी

डॉक्टरांची गाडी बांधाला लागली तेव्हा आमच्या वाड्यातलं झाडून सगळं माणूस खोटं बोलायला तयार होऊन बसलं होतं.

वाडा म्हणजे दिंडीदरवाजा आणि माजघर असलेला नव्हे. आमचा वाडा पायांवर चालतो. पाच-सहा बिऱ्हाडं, त्यांची घोडी, कुत्री, कोंबड्या आणि मेंढरं मिळून जे काही आज या रानात आणि परवा त्या रानात उतरतं, त्याला आम्ही धनगर वाडा म्हणतो. त्या वाड्यावर कुणी साहेब येणार असला की काय बोलायचं ते आधी ठरतं. फॉरेस्टचा गार्ड आला तर मेंढरं निम्मी सांगायची. पोलीस आला तर कालचा मुक्काम भलत्याच गावचा सांगायचा. ज्याला धड खोटं बोलता येत नाही त्याला घोंगडं पांघरून निजवायचं आणि ताप आलाय म्हणायचं. यात कुणाला काही गैर वाटत नाही. खरं बोलून आमचं कधी भलं झालेलं नाही.

"हौसे, ह्या बाईला मेंढरं किती सांगायची?" बिरातात्यानं मला हळूच विचारलं. तात्या म्हणजे आबांचा चुलतभाऊ, वाड्यातला दोन नंबरचा माणूस.

"तात्या, त्या मेंढरं मोजाय आल्या न्हाईत. डोस्कं तपासाय आल्यात."

"कुणाचं?"

"म्हाताऱ्या माणसांचं. इसरायचा आजार असतुया, त्यो हाय का बगत्यात."

"म्हंजी येडं कोण त्ये हुडकाय आल्यात म्हण की," तात्या म्हणाला आणि मिशीतल्या मिशीत हसला. "मंग सोपं हाय. आमच्यात येडं न्हाय म्हणून सांग आन् च्या पाजून लावून दे."

मी त्या वेळी पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात कामाला होते. आश्रमशाळेत शिकले, पदवी घेतली, आणि स्मृतिभ्रंशाच्या एका संशोधनात मला नोकरी मिळाली. शहरातल्या म्हाताऱ्यांची माहिती त्यांच्याकडे ढीगभर होती. धनगर, वडार, कातकरी असल्या लोकांची काहीच नव्हती. आमच्यात हा आजार होतच नाही असं एक मोठे डॉक्टर मीटिंगमध्ये बोलले होते. डॉक्टर सुनीती केळशीकर त्यांच्याशी भांडल्या आणि गाडी घेऊन निघाल्या. मी त्यांना पहिल्यांदा माझ्याच वाड्यावर आणलं. का आणलं, ते मी त्यांना सांगितलं होतं. वाड्यात कुणालाही सांगितलं नव्हतं.

दिवाळीला मी वाड्यावर गेले होते. आबा चुलीपुढं बसले होते. माझे वडील, सुबराव कोळपे, तीस वर्षं वाड्याचे कारभारी. मी पाया पडले. त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं आणि अगदी आदबीनं विचारलं, "कुणाची गं पोर तू?"

तेवढ्यात आई कुत्र्यावर ओरडली, "मोत्या, शेपूट हलीव की मेल्या! हौसा आली, आपली हौसा! वळखंना व्हय तुला?"

"हौसे," आबा म्हणाले, "कवा आलीस? वाळलीस की गं."

मला वाटलं, धुरात दिसलं नसेल. पण ते डोळे माझ्या डोळ्यांपुढून गेले नाहीत. आपल्या बापानं आपल्याकडं परक्या घरच्या पोरीसारखं पाहावं, हे ज्यानं सोसलंय त्यालाच कळेल.

आणखीही एक होतं. वाडा हलायच्या आदल्या दिवशी कारभारी एकटा पुढं जातो. पुढच्या गावात शेतकऱ्याशी बोलतो, मेंढरं कुणाच्या रानात बसवायची ते ठरवतो. मेंढरांच्या लेंड्यांचं खत होतं, त्याच्या बदल्यात शेतकरी धान्य देतो. बाईनं यात जायचं नसतं. बाईनं घोड्यावर बिऱ्हाड लादून मागून यायचं. पण दोन वर्षं झाली, आई आबांबरोबर पुढं जायला लागली होती. वाडा तिची टिंगल करायचा. म्हातारपणी उतू चाललंय म्हणायचे. आई पदर तोंडाला लावून हसायची आणि निघायची.

डॉक्टरांनी सगळ्यांना बाभळीखाली बसवलं आणि सोप्या भाषेत समजावलं. "हा आजार पूर्ण बरा होत नाही," त्या म्हणाल्या. "पण लवकर कळला तर औषधानं सावकाश वाढतो. माणसाला सांभाळायचं कसं तेही शिकवता येतं. नाव आणि फोन नंबर असलेला बिल्ला देतो आम्ही, माणूस चुकला तर सापडतो. तपासणी झाली की ज्यांना गरज असेल त्यांच्यासाठी दर महिन्याला आमची गाडी औषध घेऊन येईल. तुमचा वाडा असेल तिथं येईल. पैसे नाहीत."

आमच्यासाठी कुणी गाडी पाठवणार, तीही आम्ही असू तिथं, हे आजवर ऐकलं नव्हतं. आई कोकराला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "खरंच येती का गाडी?"

"खरंच येते, मावशी," डॉक्टर म्हणाल्या.

तपासणी सुरू झाली आणि माझी मान खाली गेली.

पहिला नंबर तात्याचा. आज तारीख काय, असं डॉक्टरांनी विचारलं.

"तारीख तुमच्याकडं असतीया," तात्या म्हणाला.

"बरं. आपण आत्ता कितव्या मजल्यावर आहोत?"

तात्यानं वर आभाळाकडं पाहिलं, खाली ढेकळांकडं पाहिलं आणि विचार करून सांगितलं, "खालच्या."

"शंभरातून सात काढत जा. शंभर, मग?"

"सात कशापायी काढायची? रोगी हायत का?"

मग त्याच्या हातात पेन्सिल देऊन पाच कोनांची आकृती काढायला लावली. ज्या हातानं तात्या आडलेली मेंढी सोडवतो त्या हाताला कागदावर एक सरळ रेघ ओढता येईना. दिवस मावळायला आला तोवर झाडून सगळा वाडा नापास झाला होता. त्यात आई होती, आणि हिशेबात शेतकऱ्यांना भारी पडणारी गंगूचुलतीसुद्धा होती. आबांची पाळी तेवढी राहिली होती. ते मेंढरांकडं गेलेत, उद्या येतील, असं आईनं सांगितलं होतं.

मी चिडले होते. "मॅडम, अख्खा वाडा वेडा ठरलाय," मी म्हणाले. "आता मलाही बसवा. नाहीतर असं लिहून टाका की धनगरांना जन्मतःच हा आजार असतो."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि आमच्या चुलीजवळ येऊन बसल्या. "चूक प्रश्नांची आहे," त्या म्हणाल्या. "मग तूच सांग, काय विचारायचं?"

आम्ही तिथंच नवे प्रश्न केले. माझा भाऊ धुळादादा मदतीला बसला. तारखेऐवजी आज बाजार कुठल्या गावचा. मजल्याऐवजी हे रान कुणाचं, कालचा मुक्काम कुठं होता, उद्याचा कुठं. आकृतीऐवजी आपल्या मेंढीच्या कानाची खूण मातीत काढून दाखवायची. लक्षात ठेवायला तीन वस्तू: विळा, चिंच, घोडं. आई भाकरी थापत ऐकत होती. एकदा तिनं विचारलंसुद्धा, "आन् ह्यातलं सगळं आलं की झालं न्हवं?"

"झालं, मावशी," डॉक्टर म्हणाल्या.

मला त्या संध्याकाळी फार बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू? आमच्या माणसांना आमच्या भाषेत प्रश्न विचारायला कुणीतरी शिकलं होतं. उद्या आबा बसतील, चुकतील, आणि त्यांना औषध मिळेल. बापानं चुकावं म्हणून मी बिरोबाला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडा भराभर पास होत गेला. तात्यानं मातीत कानाची अशी सुबक खूण काढली की डॉक्टरांनी फोटो घेतला. मग आबा आले. फेटा बांधलेला, खांद्यावर घोंगडं.

"तू लांब जा, हौसा," डॉक्टर मला म्हणाल्या. "नियम आहे. पोटच्या मुलीनं जवळ थांबायचं नाही. माणूस तुझ्या तोंडाकडं बघतो, तुझ्याही नकळत तू मान हलवतेस."

नियम मलाही पटला. मी दोन वावरं ओलांडून विहिरीच्या काठावर जाऊन बसले. तिथून सगळं बारीक दिसत होतं. बाभळीखाली डॉक्टर आणि आबा, थोड्या अंतरावर आई. ती कोकरांना पाला टाकत होती आणि नेहमीप्रमाणं कधी कुत्र्याला, कधी घोडीला शिव्या देत होती. शब्द कळत नव्हते, पण तिचा तो किनरा आवाज विहिरीपर्यंत येत होता. आमच्या बायका दिवसभर जनावरांशीच बोलतात. आमच्याशी बोलायला दुसरं असतं कोण?

डॉक्टरांनी हात करून मला बोलावलं. त्यांचा चेहरा फुलला होता.

"अगं, उत्तम आहेत तुझे वडील! थोडा वेळ लागतो त्यांना, पण या वयाला तेवढा लागतोच. तिन्ही वस्तू सांगितल्या. तू उगाच घाबरलीस."

तात्या मोठ्यानं म्हणाला, "आमचा कारभारी हाय त्यो. त्याचं डोस्कं सरकार तपासणार व्हय?" सगळे हसले. आबाही हसले. आईनं डोळे मिटून हात जोडले. मला रडू फुटलं. मी त्या दिवशी आईच्या हातच्या भाकरी पोटभर खाल्ल्या आणि गाडीत बसून पुण्याला आले.

आमच्या वाड्यात कुणालाच आजार सापडला नाही, म्हणून गाडी दुसऱ्या वाड्यांकडं जात राहिली. दोन-तीन आठवडे गेले असतील. एका संध्याकाळी दादाचा फोन आला.

"हौसे, आबा काल सकाळी रान ठरवाय पुडं गेल्यात. अजून आलं न्हाईत."

"आई?"

"आईच्या पायात बाभळीचा काटा मोडलाय. पाय सुजून हा असा झालाय. ती न्हाय गेली संगट."

सकाळी पहिल्या एस.टी.नं मी निघाले. वाडा एका कांदा काढलेल्या रानात बसला होता. मेंढरांनी रान केव्हाच साफ केलं होतं, आता ती उभ्यानं ओरडत होती. कारभाऱ्याच्या शब्दाशिवाय वाडा हलत नाही, आणि शब्द देणारा माणूसच नव्हता. तात्या आणि दादा मोटारसायकल मागून घेऊन पुढच्या गावापर्यंत जाऊन आले होते.

"वाटंवर कुटं न्हाईत," तात्या म्हणाला. "सालोसाल ज्या पवाराच्या रानात बसतो त्येच्याकडं गेलो. त्यो म्हणतुया, सुबराव आलाच न्हाय. जाईल कुटं? ह्यो रस्ता त्येला डोळं बांधलं तरी गावंल."

आई घोंगड्यावर पाय पसरून बसली होती. पायाला हळदीचं फडकं. ती म्हणाली, "त्यास्नी ती वाट ठावं न्हाय."

"वैनी, काय बोलतीस?"

"पवार बी ठावं न्हाय. कोनच ठावं न्हाय. तुमी वाटंवर हुडकू नगा. त्ये वाटंवर नसत्याल."

तात्या तिच्यापुढं उकिडवा बसला. "आन् मागल्या साली? त्येच्या मागल्या साली? रानं कोण ठरवीत हुतं?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. मग तिनं तात्याच्या तोंडाकडं पाहून सांगितलं. आजवर या दिराच्या तोंडाकडं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"म्या मागनं चालायची. वस्ती आली की घोडीला म्हणायची, का गं पवाराच्या बांधाला तोंड घालतीस. मंग त्ये म्हणायचं, रामराम पवार. भाव इचारला की म्या मोत्याला शिव्या द्यायची, आन् त्यात भाव सांगायची. त्ये बराबर उचलायचं. हुशार माणूस. निसतं धरून द्याय लागायचं."

"आणि तपासणीत?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"तवाबी," आई म्हणाली. "बाभळीमागं मोत्याला बांदला हुता. इळा, चिच, घोडं. मोत्याला म्हनलं, घोड्याच्या पायात जाऊ नगं, इळा हाय तितं पडलेला, आन् चिचंखाली बस जा. तुजी बाई कागदात बगून लिवीत हुती. बाया कुत्र्याला काय म्हणत्यात ह्याच्याकडं कोण ध्यान देतंय."

तात्या उठला. मला वाटलं, तो तिला मारतो की काय. पण तो मोटारसायकलीकडं चालत गेला आणि किल्ली फिरवता फिरवता रडायला लागला.

"कारभारी येडा झाला म्हणून म्या काय त्येला सोडला असता?" तो लांबूनच ओरडला. "तुला असं वाटलं, वैनी? वाडा त्येच्याकडनं घ्यायला बसलोय म्या?"

आईनं पदर तोंडावर ओढला. खरं तर तिला तसंच वाटलं होतं, आणि तात्यालाही ते कळलं.

मी आणि दादा रस्ता सोडून वस्त्यावस्त्यांवरून निघालो. पहिल्याच वस्तीवर माग लागला. द्राक्षाच्या बागेतला माणूस म्हणाला, "आलता की एक म्हातारा. मेंढरं बसवायची का म्हणून इचारलं. म्हनलं, बाबा, बाग हाय, मेंढरं कुटं बसवतूस? बरं म्हणून गेला. घटकाभरानं परत आला आन् रामराम करून पयल्यापासनं तेच इचाराय लागला. मला वाटलं, चेष्टा करतुया."

"नाव सांगितलं?"

"नाव इचारलं तर मागं बगायचा. मागं कुनीच नव्हतं."

दादानं तोंड फिरवलं.

पुढच्या वस्तीवर एका बाईनं त्यांना भाकरी-कालवण दिलं होतं. "लई सभ्य माणूस," ती म्हणाली. "जेवला, ताट धुतलं. म्हणाला, मेंढरं मागनं येत्यात, रान मोकळं ठेवा. म्या वाट बगितली बया. मेंढरू न्हाय आन् काय न्हाय."

असं करत आम्ही चाललो. ज्या वाड्याचा पत्ता त्याला आठवत नव्हता त्या वाड्यासाठी माझा बाप दारोदार रान मागत फिरला होता. प्रत्येक दारात त्यानं पहिल्यांदाच आल्यासारखा रामराम घातला होता. कामात त्यानं कुठंही कसूर केली नव्हती.

कालव्याजवळच्या वस्तीवर पोरं पत्ते खेळत होती. आम्हाला बघून त्यांनी पत्ते गोळा केले. मग त्यातला एक म्हणाला, "त्या गोठ्यात शिरत हुता. नाव सांगंना, गाव सांगंना. हिकडं चोऱ्या व्हत्यात. आमाला काय म्हाईत?"

"मारलंत?" दादानं विचारलं.

"जास्त न्हाय. हाकलून दिला. त्यो कालव्याकडनं गेला."

कालव्याला पाणी सुटलं होतं. खालच्या अंगाला जाळी होती, तिथं पाटकरी आणि दोन माणसं उभी होती. दादा पुढं धावला. मी धावले नाही. जाळीला अडकलेला फेटा मी लांबूनच ओळखला.

पोलीसपाटलानं विचारलं, मयताचं गाव कुठलं. दादानं माण तालुक्यातल्या आमच्या गावाचं नाव सांगितलं. तिथं आमचं घर आहे का, असं त्यानं विचारलं. घर आहे, पण पावसाळ्यापुरतं. मग राहता कुठं? दादा म्हणाला, "ह्याच्या म्होरं कुटं ऱ्हायचं, त्ये ठरवायच गेलता त्यो." पाटलानं गावाचं नाव लिहून घेतलं.

सरकारी दवाखान्यातून आबा मिळाले तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता. कालव्याच्या काठीच त्यांना माती दिली. वाडा तिथं थांबू शकत नव्हता. माणसाच्या दुःखाला सवड मिळते, मेंढरांच्या पोटाला नाही. तात्यानं रान ठरवलं आणि आईला घोडीवर बसवून वाडा पुढं निघाला. तात्या आता कारभारी झाला होता. पण वाटेत दोन फाटे आले तिथं तो थांबला आणि मागं वळून म्हणाला, "वैनी, कुनीकडनं?"

आईनं हातानं दाखवलं. तो त्या अंगाला वळला.

दहाव्याला डॉक्टर आल्या. गाडी बांधावर ठेवून एकट्याच चालत आल्या. काय झालं ते मी त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं, कुत्र्याचंसुद्धा. त्या आईसमोर मातीत बसल्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"मावशी," त्या म्हणाल्या, "मला कळायला हवं होतं. मी चुकले."

आई त्यांच्या खांद्यावरून पलीकडं, गाडीकडं बघत होती.

"गाडी आणली व्हय?" तिनं विचारलं.

"हो."

"मंग आदी का न्हाय आणली?" आईच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं. "तुमी म्हनला हुतासा, गाडी येती. म्या रोज रस्त्याकडं बगायची. रस्त्यानं कुटली बी गाडी आली तर उटून हुबी ऱ्हायची. काटा मोडला तो तसाच. गाडी वाजली म्हणून पळत गेले, बाभळीच्या काट्यांच्या फेसाटीत पाय पडला. ती उसाची गाडी हुती."

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागल्या. मलाही काही कळेना.

"आये," मी म्हणाले, "गाडी आबांसाठी कशी येणार? आबा पास झाले होते ना."

"तेच म्हणतीया म्या! पास झालं हुतं की!" आई पहिल्यांदाच चिडली. "सगळं बराबर सांगितलं हुतं त्यांनी. एक बी चुकलं न्हाय. मंग अवशीद का न्हाय आलं?"

दादा मान खाली घालून मातीत रेघा ओढत होता.

डॉक्टरांनी आईचा हात हातात घेतला. "मावशी," त्या अडखळत म्हणाल्या, "औषध... जे चुकतात त्यांच्यासाठी होतं. ज्यांना उत्तरं येत नाहीत, त्यांच्यासाठी गाडी येणार होती."

आई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. मग माझ्याकडं बघितलं, हे खरं आहे का म्हणून. मी मान हलवली.

"कागद चुकला म्हणून रेशन न्हाय दिलं," आई हळूहळू म्हणाली. "वजन भरलं न्हाय म्हणून धुळाच्या पोटुशी बायकूला दवाखान्यातनं माघारी लावली. हौसेच्या मोठ्या भनीला पाडा आला न्हाय म्हणून मास्तरनं शाळंतनं काडली. चुकल्यावर आमाला कुनी कवा काय दिलंय, बाई? चुकणाऱ्याला द्यायचं असतं, हे आमाला कसं ठावं असंल?"

डॉक्टर रडत होत्या. आईनं त्यांच्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला आणि पायाचं फडकं नीट केलं.

"तसं ठावं असतं तर म्या गप बसली असती की," ती म्हणाली. "त्ये आपलं आपण नापास झालं असतं."